सहा पूर्णांक चार

गतिपंचानं निकाल द्यायला अकरा मिनिटं घेतली आणि त्या निकालाखाली सही करायला अश्लेषा मगदूमला अर्धं मिनिटही लागलं नाही. सही करायची म्हणजे काय, तर पुलावरचे सेन्सर शाबूत आहेत, कुणी त्यांना हात लावलेला नाही, एवढं बघून खाली नाव टाकायचं. तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात चार वर्षं ती हेच करत होती.

निकाल असा होता. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर उसाचा ट्रॅक्टर आणि एक जुनी मोटार समोरासमोर धडकले. मोटारीचा वेग ताशी सत्तावन्न, मर्यादा साठ. ट्रॅक्टरचा एकवीस, मर्यादा पंचवीस. म्हणजे दोघंही मर्यादेत. अशा वेळी थांबायची जबाबदारी जड वाहनाची, असं नवा कायदा सांगतो. म्हणून दोषी कोण, तर ट्रॅक्टरचालक अंगद सानप, जिल्हा बीड. मोटारीतली प्राजक्ता उपाध्ये जागच्या जागी गेली होती, त्यामुळं शिक्षा सात वर्षं. अपिलाला मुदत दहा दिवस.

आता हे गतिपंच म्हणजे काय प्रकरण, ते सांगितलं पाहिजे. पूर्वी अपघात झाला की चार साक्षीदार चार तोंडांनी बोलायचे आणि खटला पंधरा वर्षं रखडायचा. मग मोबाईलवरची चित्रणं आली. पण पुढं खोटं चित्रण करणं इतकं सोपं झालं, की न्यायालयानं कंटाळून चित्रण हा पुरावाच मानायचं सोडून दिलं. मग राहिलं काय? राहिलं भौतिकशास्त्र. त्याला ना जात, ना पक्ष, ना ते कुणाच्या चहाला मिंधं. त्याच्या गणितावरून निकाल देणारं सरकारी यंत्र म्हणजे गतिपंच.

शाळेत आपण सगळेच हे शिकलेलो असतो आणि परीक्षा झाली की विसरतो. वजनाला वेगानं गुणलं की येतो तो संवेग. दोन गाड्या धडकल्या, पत्रे चेपले, काचा फुटल्या, काहीही झालं तरी धडकेआधीच्या संवेगाची बेरीज आणि धडकेनंतरची बेरीज एकच राहते. ऊर्जा पत्रे वाकवण्यात खर्ची पडते, आवाजात जाते, उष्णतेत जाते. संवेग मात्र कुठं जात नाही. समोरून येणाऱ्याचा तेवढा वजा धरायचा.

पुलावरचे सेन्सर धडकेच्या हादऱ्यानं जागे होतात आणि त्यानंतरचा वेग मोजतात. इथं दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून ताशी अठरानं ट्रॅक्टरच्या दिशेनं सरकल्या. ट्रॅक्टरचा आधीचा वेग त्याच्या सीलबंद पेटीत होता, एकवीस. मोटार जुनी, तिला पेटीच नव्हती. तिचं वजन एक टन, ट्रॅक्टर आणि उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून पंचवीस टन. पंचवीस गुणिले एकवीस, पाचशे पंचवीस. धडकेनंतर सव्वीस टन गुणिले अठरा, चारशे अडुसष्ट. फरक सत्तावन्नचा. तोच मोटारीचा वेग. यात खोट काढायला जागाच कुठं आहे?

जागा होती. पंचवीस टन हा आकडा आला कुठून, तर कारखान्याच्या वजनकाट्यावरून. काटा ओढ्याच्या अलीकडं आणि कारखाना पलीकडं, त्यामुळं वजन झालेली गाडी भरलेलीच पुलावर यायची. ऊस काट्यावर चढतो, आकडा उमटतो, परवानाधारक मापारी त्या पावतीवर अंगठा ठेवतो आणि पावती थेट सरकारी यंत्रणेत जाते. तिकडं शहरात बसून गतिपंच बनवणाऱ्या इंजिनिअरांनी ठरवलं, की अंगठा आहे म्हणजे वजन खरं. त्या कारखान्याच्या काट्याबद्दल पंचक्रोशीतलं शेंबडं पोरसुद्धा जे जाणून होतं, ते या शहाण्यांच्या कानावरच गेलं नव्हतं. काटा कमी दाखवायचा. सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

आणि त्या काट्यावर अंगठा ठेवणारी मापारी होती शालन मगदूम. अश्लेषाची आई.

*

दुसऱ्या दिवशी निकालाची प्रत द्यायला अश्लेषा पोलीस ठाण्यात गेली. अंगद सानप तिशीचा, खांद्यानं रुंद, आणि आता पार मोडलेला. निकालावर त्याचं काही म्हणणं नव्हतं. बाई मेली, आपल्या गाडीखाली मेली, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं. ब्रेक वेळेवर दाबला होता, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मग जाता जाता, आपलीच चूक कबूल करावी तशा आवाजात, तो म्हणाला, "मॅडम, गाडी पंचवीस टनाची नव्हती. जास्ती होती. मागून रेटा लई होता. रुक्मिणीला विचारा, तिनं मोळ्या मोजल्यात."

रुक्मिण त्याची बायको. ठाण्यामागच्या आवारात जप्त केलेल्या ट्रॉल्यांच्या सावलीत ती बसून होती. ऊस तोडणाऱ्या टोळीत बांधलेल्या मोळ्यांची मोजदाद तिच्याकडं असायची. तिनं क्षणभरही विचार केला नाही. चौदाशे मोळ्या, मोळीमागं पंधरा किलो. म्हणजे एकवीस टन ऊस. काट्याच्या पावतीवर होता अठरा; रिकाम्या ट्रॉल्यांचे चार आणि ट्रॅक्टरचे तीन धरून पंचवीस.

अश्लेषानं तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला. एकूण वजन पंचवीस नव्हे, अठ्ठावीस. मग मोटारीचा वेग सत्तावन्न नव्हे, सहासष्ट. सव्वीस टनांच्या वर वजन गेलं, की मोटार साठची मर्यादा ओलांडते. आणि मर्यादा ओलांडणारा दोषी, मग गाडी हलकी असो की जड. या माणसाला सात वर्षं भोगायचं कारणच नव्हतं. आणि त्या निकालावर तिची सही होती.

तिसऱ्या दिवशी मोटार चालवणारा, प्राजक्ताचा नवरा शंतनू उपाध्ये कार्यालयात आला. गावात त्याचं औषधांचं दुकान. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. त्याला काही मागायचं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, की दवाखान्यात शुद्धीवर आल्यापासून त्याला एकच वाटत होतं, आपण जोरात होतो, आपणच प्राजक्ताला मारलं. निकाल हातात पडला तेव्हा पहिल्यांदा त्याला झोप लागली.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "तो आकडा मी कागदावर लिहून खिशात ठेवलाय, मॅडम. तुमच्या यंत्राचे फार उपकार आहेत माझ्यावर."

अश्लेषानं त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला. तो गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची चीडही आली. हा माणूस आपण परत एकदा गाडणार आहोत, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

*

आईला विचारायला तिनं चौथा दिवस लावला. खरं सांगायचं तर धीर होत नव्हता.

वडील, भूपाल मगदूम, कारखान्याच्या बॉयलरवरच्या अपघातात गेले तेव्हा अश्लेषा नऊ वर्षांची होती. कारखान्यानं शालनला काट्यावर घेतलं. मापाऱ्याची परीक्षा देऊन तिनं परवाना काढला, पोरीला एकटीनं वाढवलं, भौतिकशास्त्रात एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. गावात तिला मान होता. वजनासाठी रांगेत ताटकळणाऱ्या गाडीवाल्यांना काट्याच्या खोलीतला माठ भरून ठेवणारी मापारी, असं तिचं नाव होतं. अशा बाईला जेवताना विचारायचं तरी कसं, की तुझा काटा खोटा आहे का?

तिनं विचारलं. शालन भाकरी मोडत होती, तिनं हात थांबवला नाही. काट्याच्या आतली पेटी सीलबंद असते, इंजिनिअर येऊन लावून जातो, आपल्याला उमटतो तो आकडा दिसतो, असं ती सांगू लागली. आपण एक बटण दाबलेलं नाही की एक आकडा खोडलेला नाही. अश्लेषानं मग हिशेब मांडला, अठ्ठावीस टन, सहासष्ट, सात वर्षं.

"तुला ठाऊक होतं का, आई?"

"गाडीचे टायर बघून कळतं मला," शालन म्हणाली. "वीस वर्षं बघतेय. किती दबलेत त्यावरनं आकडा सांगेन. ठाऊक होतं म्हणजे काय गं, पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं."

मग ती भडकली. मी अंगठा ठेवला नसता तर दुसऱ्या कुणी ठेवला असता, आणि तू कुठं शिकली असतीस, असं ती बोलून गेली. त्या ड्रायव्हरला पुलावर घुसायला कुणी सांगितलं होतं? आणि हे उकरून काढलंस तर साहेब लोक हात वर करतील, पेटीवर त्यांचं नाव नाही. हजारो पावत्यांवर अंगठा आहे तो माझा. यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं. दोघी उठल्या आणि ताटं तशीच राहिली.

*

पुरावा करायचा तर ते वजन पुन्हा मोजायला हवं होतं, आणि लवकर. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, रोज त्याचं वजन घटतं. दहा दिवस नुसतं बसून राहिलं असतं तर उसानं आपण होऊन कारखान्याची पावती खरी करून दिली असती. बरं, जप्तीतलं वाहन निकाल कायम होईपर्यंत आवाराबाहेर न्यायचं नाही, असा नियम. म्हणजे दुसऱ्या काट्यावर नेणंही बंद.

पण वजन मोजायला काटाच लागतो असं कुठं आहे? अश्लेषाला हे सुचलं तेव्हा ती कार्यालयात एकटीच हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. जी वस्तू जड, ती हलायला कुरकुरते. रिकामी हातगाडी एका झटक्यात पळते, भरलेली पळत नाही. किती जोर लावला आणि त्यानं वेग किती वाढला, हे कळलं की वस्तुमान आपोआप कळतं. जोर म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, बस्स.

तिनं कृषी महाविद्यालयातून विजेवरचा ट्रॅक्टर मागवला. त्याचा वेग कसा वाढावा हे त्याला आधी सांगून ठेवता येतं. दहा सेकंदांत थांबल्या जागेपासून सेकंदाला एक मीटर एवढा वेग, ना कमी ना जास्त. महाविद्यालयाच्याच प्रयोगशाळेतला जुना ओढमापी तिनं आणला. घड्याळासारखी तबकडी, मध्ये काटा, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या यांच्या मध्ये साखळीला अडकवायचा. त्याचा एक आकडा म्हणजे साधारण शंभर किलोचा जोर. आधी एकाच संथ गतीनं ओढून पाहायचं. तेव्हा दिसेल ते नुसतं घर्षण. मग वेग वाढवत ओढायचं. आकडा जेवढा वाढेल तो वाढीव जोर, आणि त्यावरून वजन. पावती खरी असेल तर दोन्ही ट्रॉल्यांचे बावीस टन, वाढ दोन पूर्णांक दोनची. वाढ दोन पूर्णांक तीनच्या वर गेली, तर अंगद सुटला.

आता अडचण एकच राहिली, आणि ती सगळ्यांत मोठी होती. तबकडीवरचा आकडा कायद्यानं धरायचा, तर तो परवानाधारक मापाऱ्यानं मोठ्यानं वाचायला हवा आणि त्याखाली अंगठा ठेवायला हवा. गाडी चालवणाऱ्यानं वाचलेलं चालत नाही. तालुक्यात परवानाधारक मापारी होते सात, आणि सातही कारखान्यांच्या नोकरीत. अश्लेषानं सहा जणांना फोन केले. एकाची आई आजारी होती, एकाला लग्नाला जायचं होतं, बाकीच्यांनी सरळ कानावर हात ठेवले. सातव्या व्यक्तीला तिनं विचारलंच नाही.

त्याच दुपारी ती ओढमापी ठेवायला आवारात गेली, तेव्हा रुक्मिण आपण होऊन बोलायला आली. काट्यावरच्या मावशी सकाळी येऊन गेल्या, म्हणाली. तासभर बसल्या. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, टायरला हात लावून बघितला.

"मी त्यांना म्हणलं, मावशी, चार वर्सं तुमच्या काट्यावर येतोय, लई माया केली तुम्ही. आता धन्याला तेवढं सोडवा, तुमची वळख असंल मोठ्या लोकांत. तर त्या काईच बोलल्या न्हाईत. माझ्याकडं बघत बसल्या निस्त्या."

अश्लेषा घरी गेली. आई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिनं पाठ न वळवता विचारलं, "किती वाजता आहे ते तुझं ओढायचं?"

"सकाळी नऊला."

"मग चहा करून लवकर निघू," शालन म्हणाली.

आपण नको म्हणावं, असं अश्लेषाला वाटलं. तिच्या ओठांवर ते आलंसुद्धा. पण नको म्हटलं असतं तर आत कोठडीत बसलेल्या माणसाला सात वर्षं भोग म्हणून कोण सांगायला जाणार होतं? ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याची तिला भयंकर लाज वाटली.

*

सहाव्या दिवशी सकाळी आवारात चौघंच होते. ट्रॅक्टरवर अश्लेषा, साखळीपाशी ओढमापीजवळ शालन, वही घेतलेले हवालदार नदाफ आणि लांब भिंतीला टेकलेली रुक्मिण. नदाफ बिचारे गोंधळले होते. मापारी कोण आहे आणि कुठल्या काट्यावरची आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी शालनला हळूच विचारलं, की ताई, नक्की ना? ती म्हणाली, लिहायला पेन आहे का बघा.

पहिली ओढ संथ. ट्रॉल्या करकरत हलल्या. "चार," शालननं वाचलं. पुन्हा एकदा, पुन्हा चार. घर्षणाचं काम झालं.

मग अश्लेषानं दहा सेकंदांचं त्वरण लावलं. पाठीमागं आई होती आणि आईच्या समोर तबकडी. मान वळवली असती तर तिला काटा दिसला असता. तिनं वळवली नाही. सहा पूर्णांक दोन, एवढंच आईनं म्हणायचं होतं. कुणालाही शंका आली नसती. पावती खरी ठरली असती, काटा खरा, वीस वर्षं खरी, आणि पुन्हा ते अर्ध्यावर टाकलेलं जेवण घेऊन दोघी समोरासमोर बसल्या असत्या. एका क्षणाला तर अश्लेषाला तेच हवं होतं. हे तिनं पुढं कुणालाही सांगितलं नाही, पण हवं होतं.

"सहा पूर्णांक चार," शालन म्हणाली.

नदाफांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, तितक्याच मोठ्यानं. काट्यावर गाडी चढली की ती जशी रांगेला ऐकू जाईल असा आकडा पुकारायची, तसाच आवाज.

नियमाप्रमाणं दहा वेळा ओढायचं होतं. दुसऱ्यांदा सहा पूर्णांक चार. तिसऱ्यांदा सहा पूर्णांक चार. चौथ्यांदा शालन जरा थांबली आणि म्हणाली, सहा पूर्णांक तीन. सहा पूर्णांक तीन म्हणजे बरोब्बर सीमारेषा. आता इथून आई खाली येत जाईल, तिनं आपलं केलं, आता स्वतःला वाचवेल, असं तिला वाटलं, आणि तिनं मनातून आईला माफही करून टाकलं. पाचव्यांदा आकडा आला साडेसहा. काटा खरोखरच तेवढा इकडंतिकडं होत होता आणि आई जे दिसेल तेच वाचत होती. दहाव्या ओढीनंतर नदाफांनी सरासरी काढली. चार आणि सहा पूर्णांक चार. वाढ दोन पूर्णांक चारची, ट्रॉल्या चोवीस टन. ट्रॅक्टरचे तीन मिळवले की सत्तावीस. ऊस सहा दिवस वाळून सत्तावीस, म्हणजे त्या दिवशी त्याहून जास्तच. मोटार निदान त्रेसष्टच्या वेगानं तरी आली होती.

शालननं पदराला बोट पुसलं आणि नोंदीखाली अंगठा ठेवला. त्याच ट्रॉल्यांवर, सहा दिवसांपूर्वीच्या पावतीवर, याच अंगठ्यानं बावीस टन लिहिलं होतं. दोन्हींतलं एक खोटं असणार, हे समजायला कुणाला एम.एस्सी. व्हायची गरज नव्हती. नदाफांनासुद्धा समजलं. त्यांनी वही मिटली आणि आभाळाकडं बघत उभे राहिले.

अश्लेषानं मोजणी गतिपंचाला दिली. उन्हात उभं राहून दोघी तिच्या हातातल्या पडद्याकडं बघत राहिल्या. संध्याकाळी शंतनूच्या घरी जाऊन त्याला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, नोटीस पोचायच्या आधी, असं तिनं रात्रीच ठरवलं होतं. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते काही ठरलं नव्हतं. त्याच्या खिशातला तो कागद तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

या खेपेला यंत्राला एक मिनिटही लागलं नाही. पडद्यावर तीन ओळी आल्या. शालननं चष्मा डोळ्यांवर चढवला, मग पुन्हा उतरवला.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "त्या बाईला ऐकू जाऊ दे."

"अंगद सानप, निर्दोष," अश्लेषानं वाचलं. भिंतीपाशी रुक्मिण खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली. "शंतनू उपाध्ये, दोषी." आणि ती थांबली.

"पुढचं."

"आई, नको."

"मी दहा वेळा वाचलं की गं," शालन म्हणाली. "तू एकदा वाच."

अश्लेषानं वाचलं. वजनाच्या खोट्या नोंदीबद्दल परवानाधारक मापारी श्रीमती शालन भूपाल मगदूम यांना ताब्यात घेण्यात यावे. वडिलांच्या नावाशी तिचा आवाज फुटला, पण तिनं ओळ पुरी केली. पेटी लावणाऱ्या इंजिनिअरचं नाव त्यात नव्हतं. कारखान्यातल्या कुठल्याच साहेबाचं नव्हतं. यंत्राला नोंदीत असतो तेवढाच माणूस दिसतो.

"नाव बरोबर आहे," शालन म्हणाली. "पाठव आता."

अश्लेषानं निकालाखाली सही टाकून पाठवलं. शालननं पदर खांद्यावरून नीट घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत ठाण्याच्या दाराकडं चालू लागली. नदाफांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालत राहिले. तिच्या पुढं व्हायचं त्यांना काही केल्या जमेना.